ज्युलिएट एकटी कधी झाली?



'रोमिओ आणि ज्युलिएट' हे नाव उच्चारलं की नाटक न वाचलेल्या माणसाच्याही डोळ्यांपुढे एक चित्र उभं राहतं. रात्रीची वेळ, वर खिडकीत ती, खाली बागेत तो. चित्र सुंदर आहे, पण या चित्राने नाटक झाकून टाकलं आहे असं मला वाटतं. म्हणून आज मी जोडीबद्दल बोलणार नाही. मी बोलणार आहे एका मुलीबद्दल. तिला अजून चौदावं वर्ष पूर्ण व्हायचंय. रविवारी ती आईच्या शब्दाबाहेर नाही. आणि मंगळवारच्या रात्री हीच मुलगी आईला आणि दाईला खोलीबाहेर पाठवते आणि आपल्या जिवाचा निर्णय एकटी घेते. मध्ये किती दिवस गेले? रविवार, सोमवार, मंगळवार. एवढ्यात हे कसं घडलं?

प्रेमात पडली म्हणून ती स्वतंत्र झाली, असं आपण चटकन सांगून मोकळे होतो. मला ते उत्तर पुरत नाही. प्रेमाने तिला बळ दिलं हे खरंच आहे. पण तिला स्वतःच्या निर्णयापर्यंत आणून सोडलं ते तिच्या भोवतीच्या मोठ्या माणसांनी, एकेकाने तिचा हात सोडून. तिचं स्वातंत्र्य आणि तिचं एकटेपण एकाच पावलाने पुढे सरकतं. शेक्सपिअरने हे प्रवेशागणिक इतक्या बारकाईने दाखवलं आहे की, आजची सारी वेळ मी त्यालाच देणार आहे.

आधी थोडं मूळ कथेबद्दल. ही गोष्ट शेक्सपिअरने रचलेली नाही. ती इटलीतून आली, आणि त्याच्यापुढे होतं ते आर्थर ब्रुक या इंग्रज लेखकाचं १५६२ सालचं दीर्घकाव्य. ब्रुकची ज्युलिएट सोळा वर्षांची आहे. त्याच्या काव्यातला काळ महिन्यांचा आहे. लग्नानंतर त्या दोघांना बरेच दिवस सुखाने मिळतात. आणि वाचकाला उद्देशून लिहिलेल्या मजकुरात ब्रुक सरळ सांगतो की, आईबापांचा आणि आप्तांचा सल्ला धुडकावणाऱ्या प्रेमिकांची ही गत होते. म्हणजे त्याच्या लेखी गोष्टीचं तात्पर्य आज्ञाभंगाची शिक्षा हे आहे.

शेक्सपिअरने यात तीन गोष्टी केल्या. महिन्यांचे दिवस केले. रविवारी सुरू झालेलं सारं गुरुवारच्या रात्री थडग्यात संपतं. मुलीचं वय सोळावरून तेराच्या शेवटाला आणलं. आणि आज्ञाभंगाचं ते तात्पर्य टाकून दिलं. वय का उतरवलं असेल? त्या काळच्या इंग्लंडात कायद्याने मुलीचं लग्न बाराव्या वर्षी होऊ शकत असे, पण सर्वसाधारण घरांतल्या मुली विशीच्या मध्यावर लग्न करत. म्हणजे लंडनच्या नाट्यगृहात बसलेल्या माणसालाही ही मुलगी फार लहान वाटली असणार. लहान वाटावी हाच हेतू असावा. सोळा वर्षांच्या मुलीने निर्णय घेतला तर आपण तिचा स्वभाव बघतो. तेरा वर्षांच्या मुलीवर निर्णय घ्यायची वेळ आली, तर तिच्या घरातले मोठे कुठे आहेत, हा प्रश्न आपण विचारतो. विचारायलाच हवा.

आता तिचा पहिला प्रवेश बघा. आईने बोलावलं आहे. दाई हाक मारते, ज्युलिएट येते आणि काय आज्ञा आहे असं विचारते. या प्रवेशात ती किती बोलते? जेमतेम काही वाक्यं. बोलते ती दाई, आणि मनसोक्त बोलते. तिच्या बोलण्यातून आपल्याला काय काय कळतं! तिची स्वतःची मुलगी सुझन ज्युलिएटच्याच वयाची होती, ती गेली. म्हणजे मेलेल्या लेकीच्या वाट्याचं दूध या मुलीला मिळालं. अंगावरचं दूध तोडायचं म्हणून दाईने स्तनाला कडू लेप लावला, तोच भूकंपाचा दिवस. आणि त्या दिवशी ज्युलिएटचे आईवडील कुठे होते? मांतुआला. मुलीचं वय दाईला तासासकट ठाऊक आहे. जन्मदात्री आई मात्र लेकीशी खासगी बोलायचं म्हणून दाईला बाहेर काढते आणि लगेच पुन्हा आत बोलावते. मुलीशी एकटीने बोलणं तिला जमत नाही. श्रोतेहो, हे ध्यानात ठेवा. या घरात ज्युलिएटची आई खऱ्या अर्थाने कोण आहे, ते नाटककाराने पहिल्याच प्रवेशात सांगून ठेवलं आहे. पुढे त्याची किंमत मोजावी लागणार आहे.

मग आई पॅरिसचं स्थळ काढते. लग्नाबद्दल काय वाटतं? मुलगी म्हणते, त्या मानाचं मी स्वप्नही पाहिलेलं नाही. पॅरिस आवडेल का? बघून आवड उत्पन्न होणार असेल तर आवडीने बघेन, पण तुझी संमती जितकी मोकळीक देईल त्यापलीकडे माझी नजर जाणार नाही. किती शहाणं, किती आज्ञाधारक उत्तर! तरी नीट ऐका. तिने होकार दिलेला नाही. बघेन एवढंच म्हणाली. आज्ञेच्या चौकटीत राहून स्वतःसाठी एक छोटी जागा तिने राखून ठेवली. ही तिला अजून न कळलेली ताकद आहे. पुढची सारी ज्युलिएट या एका उत्तरात बीजरूपाने आहे, असं मी मानतो.

वडिलांवरही इथे अन्याय करायला नको. कॅप्युलेट सुरुवातीला पॅरिसला सांगतो की, अजून दोन उन्हाळे थांब, पोर लहान आहे. लवकर आई झालेल्या मुली लवकर खचतात. आणि तिचं मन जिंक, माझी संमती तिच्या संमतीमागून येईल. चांगला बाप आहे हा! निदान रविवारी तरी आहे.

मेजवानी आणि खिडकीचा प्रवेश मी भरभर ओलांडणार आहे. त्यावर आजवर पुष्कळ बोललं गेलं आहे. एकच गोष्ट सांगतो. त्या प्रवेशात व्यवहाराचं कोण बोलतं? रोमिओ चंद्राची शपथ घ्यायला निघतो, ती म्हणते चंद्राची नको, तो रोज बदलतो. हे फार घाईचं होतंय याची जाणीवही तिलाच आहे. आपलं मन त्याने चोरून ऐकलं हे कळल्यावर ती लटका नखरा करत नाही. ऐकलंस ना, आता लपवून काय करू, असा तिचा सूर आहे. आणि लग्नाचा विषय ती काढते. तुझा हेतू लग्नाचा असेल तर उद्या मी माणूस पाठवते, कुठे आणि किती वाजता ते कळव. काल रात्रीपर्यंत लग्नाचं स्वप्नही न पाहिलेली मुलगी आज वेळ आणि ठिकाण मागते आहे. इथे मध्यस्थ कोण? दाई. लग्न लावणार कोण? पाद्री लॉरेन्स. ज्युलिएट अजून एकटी नाही. तिच्या निर्णयाला दोन प्रौढ माणसांचा आधार आहे.

सोमवारी दुपारी लग्न लागतं आणि त्याच दुपारी रोमिओच्या हातून टिबल्ट मरतो, आणि रोमिओ हद्दपार होतो. टिबल्ट म्हणजे ज्युलिएटचा मामेभाऊ. ही बातमी तिला कळते तो प्रवेश नीट बघण्यासारखा आहे. दाई रडत, अडखळत येते. कोण मेलं हेच आधी कळत नाही. कळल्यावर ज्युलिएट आधी रोमिओवर चिडते, त्याला देखणा राक्षस ठरवते. मग दाई तिच्या सुरात सूर मिसळून रोमिओला शाप देते. आणि त्या क्षणी ज्युलिएट उलटते. माझ्या नवऱ्याबद्दल असं बोलायचं नाही! ती विचार करायला लागते. त्याने माझ्या भावाला मारलं, पण भाऊ जिंकला असता तर माझा नवरा मेला असता. भावना उसळलेली असताना ती तर्क मांडते आहे, घराण्याच्या रक्ताची आणि लग्नाच्या शब्दाची तुलना करते आहे. व्हेरोना शहरातले तलवारी घेऊन हिंडणारे पुरुष दिवसभरात एकदाही असा विचार करत नाहीत.

आता मी त्या प्रवेशाकडे येतो ज्यासाठी हे व्याख्यान घेतलं. तिसऱ्या अंकाचा शेवट. मंगळवारची पहाट.

रोमिओ निघतो आहे. गातोय तो चंडोल नसून रात्रीचा पक्षी आहे, असं आधी तीच म्हणते. पण तो थांबायला, मरायला तयार झाल्याबरोबर तीच म्हणते, चंडोल आहे, ऊठ, जा. हट्ट आणि विवेक दोन्ही तिच्याजवळ आहेत. तो खिडकीतून उतरतो, आणि आई आत येते.

मुलगी रडतेय ती टिबल्टसाठी, असं आईला वाटतं. ज्युलिएट आईशी अशा भाषेत बोलते की प्रत्येक वाक्याचे दोन अर्थ व्हावेत. आईला ऐकू येतो रोमिओचा द्वेष. आपल्याला ऐकू येतं रोमिओवरचं प्रेम. पहिल्या प्रवेशातली ती राखून ठेवलेली छोटी जागा आठवते का? ती आता एवढी मोठी झाली आहे. तिला खोटं बोलायचं नाही आणि खरं बोलता येत नाही. अशा घरांत मुली अशीच भाषा शिकतात.

आई मग आनंदाची बातमी सांगते. येत्या गुरुवारी सकाळी पॅरिसशी लग्न. ठरलं. दोन उन्हाळ्यांचे दोन दिवस झाले! मुलगी स्पष्ट नाही म्हणते. नाटकातला हा तिचा पहिला उघड नकार. बाप येतो. आधी गोड बोलतो, आणि नकार कळताच त्याचा तोल सुटतो. मुलगी गुडघ्यांवर बसून एक शब्द ऐकून घ्या म्हणते. तो ऐकत नाही. फरफटत देवळात नेईन, नाहीतर रस्त्यावर भीक माग, उपाशी मर, माझं असं काही तुला मिळणार नाही. तिचं मन जिंक असं रविवारी सांगणारा बाप हाच. मधल्या काळात काय बदललं? मुलगी बदलली हे त्याला ठाऊकच नाही. घरात मृत्यू झालाय, राजाच्या नात्यातला जावई हाताशी आहे आणि आपण शब्द देऊन बसलोय. मुलीची संमती त्याला हवी होती ती मिळेलच अशी खात्री होती तोवर. संमतीचा अर्थ नकाराचाही हक्क असतो, हे त्याच्या मनात कधी आलेलंच नव्हतं.

त्या वेळी तिच्या बाजूने तोंड कोण उघडतं? दाई. मालकासमोर, चाकरीची पर्वा न करता. तो तिला गप्प करतो आणि निघून जातो. ज्युलिएट आईला विनवते, एक महिना, निदान एक आठवडा लग्न पुढे ढकल. आई म्हणते, माझ्याशी बोलू नकोस, मी तुझ्यातून मोकळी झाले. आणि जाते.

राहिल्या दोघी. ज्युलिएट आणि जिने तिला दूध पाजलं ती. ज्युलिएट म्हणते, मला धीर दे, मार्ग सांग. श्रोतेहो, दाई काय सांगते? रोमिओ हद्दपार झालाय, तो परत येऊन तुझ्यावर हक्क सांगणार नाही, तेव्हा तू पॅरिसशीच लग्न कर. पॅरिस फार उमदा आहे. रोमिओ त्याच्यापुढे काहीच नाही.

दाईला खलनायिका ठरवून हा प्रवेश करू नये. ती गरीब, पराधीन बाई आहे. रस्त्यावर टाकलेल्या मुलीचं काय होतं हे तिला ठाऊक आहे. एक लेक तिने मातीत घातली आहे, दुसरी जिवंत आणि डोळ्यांसमोर राहावी एवढंच तिला हवंय. तिचा सल्ला मायेपोटी आहे. पण बघा, ज्युलिएट आता विवाहित आहे. पाद्र्याने लावलेलं लग्न आहे ते, आणि दाईला ते ठाऊक आहे. हे दुसरं लग्न ज्युलिएटच्या दृष्टीने पाप आहे. ज्या बाईने निरोप नेले, दोराची शिडी आणली, लग्नाचं गुपित राखलं, तीच म्हणतेय की ते झालंच नाही असं समज.

ज्युलिएट विचारते, हे मनापासून बोलतेस? दाई म्हणते, मनापासून, जिवापासून. आणि मग काहीही होत नाही. आरडाओरड नाही, रडणं नाही. ज्युलिएट शांतपणे म्हणते की, तू मला छान धीर दिलास. आईला सांग, वडिलांना दुखवल्याबद्दल मी पाद्र्याकडे पापाची कबुली द्यायला गेले आहे. दाई खुशीने जाते. एकटी उरल्यावर ज्युलिएट ठरवते की, यापुढे ही बाई आणि माझं मन वेगळं. पाद्र्याकडेही उपाय नसेल, तर मरण्याची शक्ती माझ्या हाती आहेच.

माझ्या मते ज्युलिएट इथे मोठी झाली. खिडकीत नाही, लग्नात नाही, लग्नाच्या रात्रीतही नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती दाईशी खोटं बोलली, त्या क्षणी. अभिनेत्रींना माझी विनंती आहे की, दाईचं बोलणं संपल्यानंतरचा विराम जपा. बालपण संपायला लागणारा वेळ त्या विरामात आहे.

यानंतर ज्युलिएटच्या आज्ञाधारकपणाचं काय होतं? तो तिच्या हातातलं साधन होतो. मठात तिला पॅरिस भेटतो. तो तिला बायको म्हणून बोलवतो. ती एकही खोटं वाक्य न उच्चारता त्याला काहीही कळू देत नाही. पाद्र्यासमोर मात्र ती सुरी काढते, उपाय सांगा नाहीतर ही सुरी आहे. पाद्री उपाय सांगतो तो बेचाळीस तासांच्या खोट्या मरणाचा. मला इथे राहून राहून एक प्रश्न पडतो. हा प्रौढ, मान्यताप्राप्त माणूस कॅप्युलेटच्या घरी जाऊन मी यांचं लग्न लावलं आहे एवढं एक वाक्य का बोलत नाही? त्याचे हेतू चांगले आहेत, रोमिओच्या आणि ज्युलिएटच्या घराण्यांचं वैर मिटावं ही त्याची आस खरी आहे. पण धोका पत्करायची वेळ येते तेव्हा तो तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात विषासारखी कुपी देतो आणि स्वतः पडद्याआड राहतो.

ती घरी येते, बापापुढे गुडघे टेकते, आज्ञाभंगाची क्षमा मागते, यापुढे तुमच्याच शब्दात राहीन म्हणते. पहिल्या प्रवेशातली मुलगी शोभावी अशी. बाप इतका हरखतो की लग्न गुरुवारऐवजी बुधवारी ठेवतो. त्याच्या आनंदानेच पाद्र्याच्या योजनेतला एक दिवस खाल्ला.

मग मंगळवारची रात्र. ती दाईला बाहेर पाठवते, आईला पाठवते. त्या गेल्यावर भीती दाटते आणि ती दाईला हाक मारायला जाते. हाक अर्धी राहते. ती येऊन करणार काय? हा खेळ मला एकटीनेच खेळायचा आहे, असं ती स्वतःला सांगते. मग एकेक भीती समोर घेते. औषध चाललंच नाही तर? म्हणून शेजारी सुरी ठेवते. पाद्र्याने आपली अब्रू वाचवायला खरंच विष दिलं असेल तर? बघा, तिच्या मनात हा संशयही येऊन जातो, आणि तो अगदी वेडगळ नाही. रोमिओ यायच्या आधी जाग आली तर? कोंडलेली हवा, पूर्वजांची हाडं, ताज्या कफनातला टिबल्ट. हे सगळं दिसत असताना ती कुपी तोंडाला लावते. नाटकात धैर्याचे प्रसंग पुष्कळ आहेत. तलवारी तर पहिल्या पानापासून उपसलेल्या आहेत. पण परिणाम डोळ्यांपुढे स्पष्ट मांडून, पूर्ण घाबरून आणि तरीही पाऊल टाकण्याचं धैर्य फक्त या खोलीत आहे.

मराठी रंगभूमीवर प्रेम करणाऱ्या श्रोत्यांना इथे शारदा आठवल्याशिवाय राहणार नाही. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' १८९९ सालचं. देवल शेक्सपिअर जाणणारे होते. 'ऑथेल्लो'वरून त्यांनी 'झुंझारराव' केलं होतं. शारदाही अशीच कोवळी मुलगी. पैशाच्या लोभाने तिचा बाप कांचनभट तिला म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघतो. तिचंही बाप ऐकत नाही, आईचं चालत नाही, आणि तीही मरणाच्या काठावर येऊन उभी राहते. पण तिथे कोदंड हा तरुण येतो. शारदेला कोणीतरी हात देतं. देवलांना समाज जागा करायचा होता. मुलींना म्हाताऱ्यांच्या घरी जाताना रोज पाहणाऱ्या प्रेक्षकाला, हे थांबवता येतं, असं त्यांना दाखवायचं होतं. पुढे १९२९च्या कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा ठरलं. ज्युलिएटला चौदावं पूर्ण व्हायला नाटकात दोन आठवडे आणि थोडे दिवस उरले आहेत. आपल्या पणज्यांना तिचं वय परकं वाटलं नसतं.

आणि नाटकाबाहेर, खऱ्या मुंबईत, रखमाबाई होत्या. अकराव्या वर्षी लग्न झालेलं. नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला, १८८४ साली खटला उभा राहिला, आणि १८८७ साली न्यायालयाने सांगितलं की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंगात जाईन, असं त्यांचं उत्तर होतं. पुढे त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या. त्यांच्यात आणि ज्युलिएटमध्ये धैर्याचा फरक मला दिसत नाही. फरक दिसतो तो घरात. रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन त्यांच्या नकाराच्या पाठीशी उभे होते. एक वडीलधारा माणूस. ज्युलिएटला असा एकही मिळाला नाही.

आता थडगं. योजनेचा निरोप रोमिओला पोचलाच नाही. ती जागी होते, शेजारी रोमिओ मेलेला. पाद्री आलाय. तो म्हणतो चल, तुला जोगिणींच्या मठात ठेवतो. बाहेर पहारेकऱ्यांची चाहूल लागते आणि तो म्हणतो की, आता मला इथे थांबवत नाही. आणि जातो! शेवटचा मोठा माणूसही गेला. तुम्ही जा, मी येणार नाही, एवढंच ती म्हणते. त्याला थांबवत नाही, दोष देत नाही.

अठराव्या शतकातला थोर इंग्रज नट डेव्हिड गॅरिक याने हा शेवट बदलला. त्याच्या आवृत्तीत रोमिओ विष घेतो, पण मरायच्या आत ज्युलिएट जागी होते, आणि दोघांचा एक लांब, करुण संवाद रंगतो. त्या नाट्यगृहात रुमाल भिजले असणार, आणि ही आवृत्ती पुढे किती तरी वर्षं चालली. १८४५ साली शार्लट कुशमन या अमेरिकन अभिनेत्रीने स्वतः रोमिओ होऊन, बहिणीला ज्युलिएट करून, लंडनमध्ये शेक्सपिअरची मूळ संहिता परत आणली. गॅरिकच्या बदलाने काय गेलं होतं? ज्युलिएटचं एकटेपण गेलं होतं. शेक्सपिअरने तिला शेवटी प्रियकराचा एक शब्दही ऐकू दिलेला नाही, कारण दाईपासून तुटल्यावर ज्या वाटेला ती लागली ती वाट शेवटपर्यंत एकटीचीच होती. मधेच तिला सोबत दिली की ती पुन्हा जोडीतली एक होते.

मग पहाटे सगळे जमतात. पाद्री सगळी हकीकत सांगतो. ज्युलिएट इतकी निराश होती की माझ्याबरोबर यायला तयार झाली नाही, असं तो राजाला सांगतो. आपण पळालो होतो, हे तो आवाजाने घाबरून बाहेर आलो एवढ्यावर निभावतो. बाप बापाशी हात मिळवतो. रोमिओचा बाप तिचा सोन्याचा पुतळा उभारायचं कबूल करतो, निष्ठावान ज्युलिएटचा. तिने काय विचार केला, कोणाला काय विचारलं, कोणती भीती कशी ओलांडली, यातलं काही त्या दोन बापांना ठाऊक नाही. विचारावं असं त्यांना अजूनही सुचलेलं नाही.